झाकण पारदर्शक ठेवा

लढणाऱ्या रोबोटला आपलं पोट झाकून ठेवावं लागतं. शिकवणाऱ्या रोबोटला ते उघडं टाकावं लागतं. एकाच यंत्राकडून दोन्ही कामं करून घ्यायचं ठरवलं की पहिलं भांडण इथेच सुरू होतं. बॅटरी, मोटरी, तारा समोरच्याच्या पात्याच्या तावडीत सापडू नयेत म्हणून लढतीतले लोक पत्र्यावर पत्रा चढवतात, आणि माझ्या नववी-दहावीच्या मुलांना बघायचं असतं ते नेमकं त्या पत्र्याखालचं.

मी मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या रोबोटचं नाव कुर्ली. नाव मुलांनी ठेवलं आणि ते शोभतंही: बुटकी, रुंद, पुढे नांगी. खरी कुर्ली उलटी पडली तर पाय झाडत राहते. आमची उलटी पडली तरी पळते, कारण तिची चाकं अंगापेक्षा उंच आहेत. फक्त तेव्हा डावं-उजवं बदलतं आणि चालवणाऱ्याची तारांबळ उडते. त्या तारांबळीतूनच मुलांना दिशा आणि संदर्भ म्हणजे काय ते पुस्तकापेक्षा लवकर कळतं.

माझे वडील होड्यांची आउटबोर्ड इंजिनं दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकाला बाहेर बाकड्यावर बसवून ठेवणं त्यांना पटत नसे. इंजिन उघडं करून त्याच्यासमोरच हात काळे करायचे. "गिराईक आतला बघणा नाय तवसर सांभाळणा नाय," असं त्यांचं म्हणणं. कुर्लीचं झाकण पारदर्शक ठेवायचा माझा हट्ट तिथून आलेला आहे.

कुर्लीचं वजन १.३६ किलो. हा आकडा आमचा नाही. जगभरच्या रोबोट-लढतींत वजनी गट असतात आणि तीन पौंडांच्या या गटाला बीटलवेट म्हणतात. ब्रिटनमधला १५० ग्रॅमचा अँटवेट सुरुवातीला दहा सेंटिमीटरच्या चौकोनी डब्यात मावला पाहिजे. टीव्हीवर दिसणारे 'बॅटलबॉट्स'मधले धूड २५० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ११३ किलोंचे असतात. आपल्याकडच्या कॉलेजांच्या स्पर्धांत आठ, पंधरा, तीस, साठ किलो असे गट दिसतात. शाळेला साठ किलोचं काय करायचंय? बाकावर ठेवता येईल, सातवीतली मुलगी एका हाताने उचलेल आणि मासळीच्या काट्यावर तोलता येईल, इतका रोबोट पुरे.

कडेच्या भिंती एचडीपीईच्या. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात मासे कापायला जाड पांढरा प्लास्टिकचा पाट असतो, तो बहुधा याच प्लास्टिकचा. साध्या करवतीने कापता येतो, सुताराच्या ड्रिलने भोक पडतं, आणि मार बसला तर तडकण्याऐवजी दबतो. झाकण पॉलिकार्बोनेटचं, तीन मिलिमीटर जाडीचं. दिसायला ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट सारखेच, दुकानदारही पुष्कळदा एकाच्या नावाने दुसरं देतो. ओळखायची रीत सोपी. डोळ्यांना चष्मा लावायचा, तुकडा गोणपाटाखाली ठेवायचा आणि हातोडा मारायचा. ॲक्रिलिकच्या धारदार चिरफळ्या होतात, पॉलिकार्बोनेटला खळगा पडतो. ठिसूळपणा आणि चिवटपणा यांतला फरक सांगायला मला आता फळा लागत नाही.

पॉलिकार्बोनेटला एका गोष्टीचं मात्र वावडं आहे. हादऱ्याने स्क्रू सुटू नयेत म्हणून जो गोंद लावतात, तो थ्रेडलॉकर या प्लास्टिकला लागला की त्यात बारीक तडे जातात. बाहेरून मार न बसता झाकण आपोआप फुटतं. म्हणून झाकणाला गोंद नाही, आत नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट. लढतीतल्या लोकांना हे पाठ असतं, शाळांसाठी तयार किट विकणाऱ्यांना सहसा नसतं.

आता सुरुवातीच्या भांडणाकडे. झाकण पारदर्शक केलं, भिंती जाड केल्या, तरी पोटातलं सगळं पुन:पुन्हा काढायचं-घालायचं कसं? उत्तर लढतीच्या नियमांतच सापडलं. बहुतेक स्पर्धांत एकाच दिवशी अनेक लढती असतात आणि दोन लढतींच्या मध्ये वीस-तीस मिनिटं मिळतात. तेवढ्यात मोडलेलं चाक, जळालेली मोटर, तुटलेली तार बदलून रोबोट पुन्हा उभा करायचा असतो. म्हणून मुरलेले संघ सगळीकडे एकाच मापाचे स्क्रू वापरतात, प्रत्येक तारेला जोड ठेवतात, आणि कुठलाही भाग काढायला दुसरा भाग आधी काढावा लागणार नाही अशी मांडणी करतात. आमची तासिका पस्तीस मिनिटांची. त्यात वर्गाने यंत्र उघडायचं, मोजायचं, पुन्हा बंद करायचं. म्हणजे लढतीच्या आखाड्यात जी घाई, तीच शाळेच्या घंटेची. कुर्लीत सगळे स्क्रू एम३ मापाचे, एकाच षटकोनी चावीने निघणारे. मोटरीच्या तारा पिवळ्या-निळ्या, बॅटरीच्या लाल-काळ्या, आणि जोड असे की उलटे बसूच शकत नाहीत. आमच्या यंत्राची दुरुस्ती सोपी करण्यात जेवढं डोकं गेलं तेवढं शस्त्रावर गेलं नाही, आणि ते तसंच व्हायला हवं होतं.

पोटात काय आहे? तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, जिला सगळे लिपो म्हणतात. चाकांना गिअरच्या दोन मोटरी. त्यांना हुकूम पोचवणारी छोटी सर्किटं. रिमोटचा रिसीव्हर. आणि नांगी उचलायला एक सर्व्हो मोटर. चाकांची मोटर बारा व्होल्टची. तिच्यावर मी दहावीचा 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा शिकवते, तो असा.

चाक जमिनीपासून वर उचलून फिरू द्यायचं आणि मल्टीमीटरने विद्युतधारा बघायची: साधारण ०.१५ अँपिअर. मग फडक्यात चाक घट्ट धरून क्षणभर अडवायचं: काटा ३ अँपिअरवर. दरवर्षी वर्ग चक्रावतो. सगळ्यांचा अंदाज उलटा असतो: थांबलेली मोटर वीज कमी खाईल. एका मुलाने विचारलेला प्रश्न मी वहीत लिहून ठेवलाय: "मॅडम, ही फिरणा नाय, मगे करंट कित्याक खाता?" याचं उत्तर धड्याच्या दोन टोकांना विखुरलेलं असतं, एका पानावर मोटर आणि दुसऱ्या पानावर जनित्र. फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्रही असते. ती स्वतः उलट दिशेचा विद्युतदाब तयार करते आणि बॅटरीच्या दाबाला रोखून धरते. अडवली की हा विरोध संपतो, उरतो तो फक्त तारेच्या वेटोळ्याचा रोध. तो ४ ओहम असेल तर १२ भागिले ४, म्हणजे ३ अँपिअर. आणि तारेतली उष्णता धारेच्या वर्गाप्रमाणे वाढते. धारा वीसपट, उष्णता चारशेपट: ०.०९ वॅटवरून ३६ वॅटवर. अंगठ्याएवढ्या मोटरीत ३६ वॅट कोंडले की काही सेकंदांत वार्निश जळाल्याचा वास येतो. तो वास ज्या मुलाने घेतला तो ओहमचा नियम विसरत नाही. आखाड्यात रोबोट कोपऱ्यात अडकला आणि चालवणारा घाबरून रिमोटची काडी दाबतच राहिला की हेच होतं. निम्म्या लढती समोरच्याच्या शस्त्राने नव्हे, अशा जळालेल्या मोटरींनी हरल्या जातात असं माझं मत झालंय.

शस्त्राचं गणित जास्त गमतीचं. सगळ्यांत घातक शस्त्र म्हणजे फिरती पोलादी चकती. समजा तिचं वजन २०० ग्रॅम, व्यास दहा सेंटिमीटर, आणि ती मिनिटाला ६,००० फेरे घेते. तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा येते सुमारे ४९ ज्यूल. मुलांना ज्यूल म्हणजे काही कळत नाही, म्हणून नारळात मोजायचं: एक किलोचा नारळ पाच मीटरवरून पडला तर जमिनीला जितका दणका, तितका. आता चकतीचा वेग दुप्पट करा. दणका दुप्पट होत नाही, चौपट होतो. तोच नारळ वीस मीटरवरून, म्हणजे पुऱ्या वाढलेल्या माडाच्या शेंड्यावरून पडल्यासारखा. माडाखाली उभं राहू नये हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही सांगितलेलं असतं. त्यामुळे चकतीपासून लांब का राहायचं, ते मला वेगळं सांगावं लागत नाही. चकतीचं वजन तेवढंच ठेवून ती मधून पोखरली आणि सगळं वजन काठाला नेलं, तर ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. जडत्व आघूर्ण हा शब्द बारावीत येतो, त्याची चव नववीत घ्यायला हरकत नाही.

मग वेग वाढवतच का जात नाहीत? इथे खरी मेख आहे. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. चकतीला दोन दात असतील तर सेकंदाच्या दर दोनशेव्या भागात एक दात समोर येतो. चकतीवाला रोबोट सेकंदाला दोन मीटरने पुढे सरकत असेल तर तेवढ्या वेळात तो एक सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे दात समोरच्याच्या अंगात एक सेंटिमीटर घुसून पकड घेऊ शकतो. फेरे दुप्पट केले तर हाच घास अर्धा सेंटिमीटर. ऊर्जा चौपट आणि पकड निम्मी! दात घसरतो, ठिणग्या उडतात, टाळ्या पडतात, होत काहीच नाही. म्हणून जाणकार लोक दात वाढवण्याऐवजी कमी करतात. एकच दात ठेवतात आणि त्याच्या वजनाचा तोल दुसऱ्या बाजूला सांभाळतात.

हे गणित आम्हाला नुसतं कागदावर करावं लागलं नाही. जिल्ह्याबाहेरच्या एका कॉलेजात मुलं कुर्ली घेऊन गेली होती. समोर चकतीवाला रोबोट. आमच्याकडे फक्त नांगी आणि उतरती पाचर. कुर्ली हरली, डावं चाक गेलं, आणि कडेच्या पांढऱ्या भिंतीवर ओळीने आडव्या खाचा पडल्या. परत आल्यावर मी ती भिंत काढून वर्गात फिरवली. दोन खाचांमधलं अंतर मोजा म्हटलं. चार मिलिमीटरच्या आसपास आलं. त्या क्षणी समोरचा किती वेगाने भिंतीला घासत गेला, ते मोबाइलच्या व्हिडिओतल्या फरशांवरून काढलं: सेकंदाला साधारण दीड मीटर. दीड मीटरमध्ये चार मिलिमीटरचे किती तुकडे? ३७५. दात दोन, म्हणजे सेकंदाला सुमारे १८७ फेरे, मिनिटाला अकरा हजारांहून जास्त. ज्या यंत्राला आम्ही हातही लावला नव्हता त्याचा वेग आमच्या अंगावरच्या जखमांवरून निघाला. फळ्यावर हे उदाहरण मी शोधून काढलं असतं तर अर्धा वर्ग झोपला असता. इथे मागच्या बाकावरची मुलं पट्टी घेऊन भांडत होती, चार की साडेचार मिलिमीटर म्हणून. साडेचार धरलं तर उत्तर हजार-बाराशे फेऱ्यांनी खाली येतं. मोजमापातली अर्ध्या मिलिमीटरची चूक उत्तरात कुठवर जाते, तेही त्यातच आलं. ती भिंत आता प्रयोगशाळेत टांगलेली आहे. नवी बसवायला एक पाट आणि अर्धा तास लागला.

चालू स्थितीतलं मॉडेल दाखवून शिकवणं आणि मोडलेलं यंत्र हातात देऊन शिकवणं यांत फरक आहे, असं मी म्हणते ते यासाठी. विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेल चालतं, कारण त्याला कोणी हात लावू देत नाही. टेबलाला दोरी बांधलेली असते, पाटी असते, पाठ केलेलं चार ओळींचं भाषण असतं. लढतीच्या रोबोटला मात्र कोणी तरी अनोळखी माणूस मोडायला टपलेला असतो. नेमकं काय मोडेल ते आधी ओळखावं लागतं आणि मोडल्यावर का मोडलं ते सांगावं लागतं. मुलाने खेळणं मोडून आत बघावं, हे अरविंद गुप्ता कित्येक वर्षं सांगत आलेत. काडेपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, तांब्याच्या तारेची साधी मोटर, अशी त्यांची खेळणी महाराष्ट्रातल्या असंख्य शाळांत पोचली. तीच तांब्याच्या तारेची मोटर आम्ही आठवीत करतो. कुर्लीची जळालेली मोटर फोडली की आत तेच चुंबक, तेच वेटोळं, फक्त नीट गुंडाळलेलं.

आक्षेप येतात. शाळेच्या फाटकाशी एका आईने मला अडवून विचारलं, "मॅडम, पोरांका मारामारी शिकवतास काय?" प्रश्न रास्त आहे. आपल्या भागात झुंजी नवीन नाहीत. कोंबड्याच्या पायाला पातं बांधून किंवा रेडे एकमेकांवर सोडून पैजा लावायचा प्रकार लपूनछपून चालायचा, अजूनही कानावर येतो, आणि त्यात जनावराचे हाल आहेत. प्राण्यांच्या झुंजींना कायद्याची बंदी आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती स्पष्ट शब्दांत अधोरेखित केली. रोबोटला वेदना नाहीत, एवढं सांगून मात्र मी सुटत नाही. मुलांच्या मनात काय होतं तो प्रश्न उरतोच. त्या आईला मी उत्तर असं दिलं: दशावतारात राक्षस आणि देव तलवारी घेऊन रात्रभर लढतात आणि पहाटे एकाच पातेल्यातला चहा पितात. आखाड्यातही जिंकलेला संघ हरलेल्याला आपला ड्रिल आणि सुटे स्क्रू देताना मी पाहिलंय. ते पटलं की नाही माहीत नाही. त्यांची मुलगी मात्र पुढच्या आठवड्यात शिकायला आली, आणि आता तारांना डाग देण्यात तिचा हात सगळ्यांत स्थिर आहे.

शिवाय लढाई म्हणजे चकतीच असं नाही. जपानमध्ये १९९० पासून रोबोट सुमोच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. तीन किलोचे, वीस बाय वीस सेंटिमीटरचे रोबोट दीड मीटरच्या गोल पोलादी तबकडीवर एकमेकांना बाहेर ढकलतात. शस्त्र नाही. शाळेत आम्ही हेच खेळतो. यात घर्षण, वजन आणि पाचर एवढंच भांडवल. वर्गातला पहिला प्रयोगही त्यावरच. कुर्लीच्या शेपटीला स्प्रिंगकाटा बांधायचा आणि ती किती जोराने ओढते ते बघायचं. मोटर कितीही दांडगी असो, चाक घसरायला लागलं की ओढ तिथेच थांबते. ओढ वाढवायची तर मोटर बदलू नका, चाकाचं रबर बदला, किंवा ते ओल्या फडक्याने पुसा. आमच्याकडे फरशीवर सतत बारीक रेती असते. चाकं न पुसता खेळणारा संघ हमखास हरतो, आणि दोष बॅटरीला देतो.

या खेळाचा उगमही थोडा गमतीचाच. मार्क थॉर्प हा अमेरिकेत चित्रपटांसाठी वस्तू आणि मॉडेलं बनवणारा माणूस. घरच्या साफसफाईसाठी त्याने रिमोटच्या रणगाड्याला व्हॅक्यूम क्लीनर जोडायचा खटाटोप केला. सफाई काही जमली नाही, पण त्या यंत्राने झुंज घ्यावी ही कल्पना डोक्यात शिरली. १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याने पहिलं 'रोबोट वॉर्स' भरवलं. १९९८ पासून बीबीसीने ते घरोघरी नेलं, २००० मध्ये अमेरिकेत 'बॅटलबॉट्स' टीव्हीवर आलं. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमधल्या रोबोवॉर्सना दरवर्षी तोबा गर्दी होते. हा सगळा इतिहास तमाशाचा आहे हे खरं.

पण माझ्या कामाचा धडा पिट्सबर्गमध्ये आहे. पोलादाच्या त्या जुन्या शहराभोवतीच्या कारखानदारांना यंत्रावर काम करणारी तरुण माणसं मिळेनात. तेव्हा त्यांच्या संघटनेने शाळांसाठी रोबोट-लढती उभ्या केल्या. संघ हायस्कूलचा, रोबोट पंधरा पौंडांचा, म्हणजे साधारण ६.८ किलोंचा. मदतीला जवळच्या वर्कशॉपचा खराखुरा कारागीर. गुण फक्त लढतीला नाहीत, आराखडे आणि नोंदवह्याही तपासल्या जातात. म्हणजे मुलांनी लेथ हाताळावा म्हणून लढाईचं आमिष. मला ही लबाडी फार आवडली. आमच्या किनाऱ्यावर पोलाद नाही, पण बर्फाचे कारखाने आहेत, होड्यांची इंजिनं आहेत, तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे कॉम्प्रेसर आहेत. एक मेस्त्री मिळवायला महिना महिना थांबावं लागतं, आणि दहावी झालेला पोर मात्र मुंबईला नाही तर गोव्याला. मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. त्या दिवसांत होड्या वर ओढलेल्या, इंजिनं उघडलेली, आणि मेस्त्री लोकही जरा बोलायच्या मनःस्थितीत असतात. कुर्लीचं मोडलेलं गिअर बघून एका मेस्त्रीकाकांनी जे सांगितलं ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं: दात मोडला तो जोराने नाही, ग्रीसमध्ये रेती गेली म्हणून.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, तो हाताने काम करता करता शिकण्यासाठीच. वेल्डिंग, शेती, वीज, स्वयंपाक हे तिथे विषय होते. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या अशा प्रयोगशाळांपैकी ती एक. पुढे २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने शाळांना टिंकरिंग लॅबसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान द्यायला सुरुवात केली, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. देशात अशा दहा हजार लॅब झाल्या. चांगलंच झालं. पण मी पाहिलेल्या काही लॅबमधली किट अजून पिशवीतून बाहेर आलेली नाहीत, कारण तुटलं तर हिशेब कोण देणार? वस्तू मोडली की दोषी शोधायचा, ही आपल्या शाळांची सवय आहे. लढतीच्या रोबोटसाठी आधीच लिहून ठेवावं लागतं की हे मोडणार आहे. साठ्याच्या नोंदवहीत आमच्याकडे 'लढतीत खर्ची' असा रकाना आहे. तो मंजूर करून घेणं हे नांगी बनवण्यापेक्षा अवघड गेलं.

समुद्राचं एक वेगळंच खातं. खारा वारा सर्किटवर हिरवा-पांढरा थर चढवतो. तयार बोर्डांवर आम्ही बिनरंगाचं नेलपॉलिश फिरवतो, जोडांच्या जागा सोडून. पोलादी स्क्रू ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसला की काही दिवसांत त्याच्याभोवती पांढरी भुकटी जमते: दोन वेगळे धातू, मध्ये मिठाचं पाणी, म्हणजे नकळत बनलेला विद्युत घट. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. मुलांना हे नवं वाटत नाही, कारण घरच्या होडीच्या इंजिनाला जस्ताचा तुकडा लावलेला त्यांनी पाहिलेला असतो. जस्त आधी झिजतं आणि इंजिन वाचतं. दरवर्षी तो तुकडा बदलणाऱ्या बापाला कारण विचारलं तर तो म्हणतो, लावायचाच असतो. पोराला आता कारण सांगता येतं.

कुर्लीला समुद्राच्या पाण्यात सोडलं तर चालेल का, असं एकाने विचारलं होतं. झिरपणाऱ्या पाण्याचं जाऊ द्या, आधी रिमोटच मरेल. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची, हवेत ती शेकडो मीटर जाते, खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरमध्ये विरते. म्हणून पाण्याखालच्या रोबोटला वरून केबल लागते. आणि पाण्याबाहेरही सिग्नल तुटला की चाकं आणि शस्त्र आपोआप थांबली पाहिजेत, हा नियम स्पर्धांत जवळजवळ सगळीकडे असतो. आम्ही प्रत्येक तासाला आधी रिमोट बंद करून तेवढंच तपासतो.

ज्या शाळेला हे करून बघायचंय तिने पैसे कसे घालावेत, तेवढं सांगते. रिमोट आणि रिसीव्हर चांगला घ्या, सगळ्यात मोठा खर्च तोच, पण तो पुढच्या दहा रोबोटांना पुरतो. आमचा एकूण खर्च दहा-बारा हजारांत बसला, त्यातला तिसरा हिस्सा रिमोटचा. दुसरा चांगला घ्यायचा तो लिपोचा चार्जर, प्रत्येक सेल वेगळा मोजणारा. सेल ४.२ व्होल्टच्या वर चढू द्यायचा नाही, ३ च्या खाली उतरू द्यायचा नाही, आणि सुट्टीत ३.८ च्या आसपास ठेवायचा. बॅटरी फुगली की ती संपली, दाबून बसवायची नाही. चार्जिंग चालू असताना खोली सोडायची नाही. शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवायची, आणि वाळू नदीची, दारातल्या किनाऱ्याची नव्हे: तिच्यातलं मीठ पावसाळ्यात ओल धरून बसतं. मोटरी स्वस्तातल्या चालतील, त्या जळायच्याच आहेत, चार जास्तीच्या घ्या. भिंतींना पाट, झाकणाला पॉलिकार्बोनेट. चकतीची घाई नको. शाळेत ती पूर्ण वेगाने फिरवण्यासारखी जागाच नसते, त्याला जाड पॉलिकार्बोनेटचा बंद आखाडा लागतो. चकतीचा धडा पुठ्ठ्याची चकती, एक रंगवलेला दात आणि मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा यांवर होतो. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका फेरीची २४ चित्रं आली तर सेकंदाला दहा फेरे, हे सहावीतली मुलंही मोजतात. नांगी, पाचर आणि रबराची चाकं, एवढ्यावर दोन शालेय वर्षं आरामात निघतात.